मातीची कॅसेट

...अन् वरून मलेच म्हनतात, "मधुकरराव, बटन तं तुमच्याच हातात होतं!" हौ, होतं ना! कोन नाही म्हनते? बटन माह्या हातात होतं, मशीन माह्या मांडीवर होती, छत्री बी माह्याच डोक्यावर होती. फक्त टेप माह्या हातात नव्हता. टेप कोनाच्याच हातात नसते जी. एकदा लावला का लावला, मंग तुमी रडा, पडा, पाया पडा... टेप काही थांबत नाही!

तुमाले सांगतो, मी मशिनीले भेनारा मानूस नाही. एकोनतीस वर्षं रामाकोन्याच्या ठेसनावर पाइंटमन होतो, छोट्या लाइनवर. काटा ओढला का गाडी या रुळावरून त्या रुळावर. लाल झेंडी दाखवली का अख्खं इंजन माह्यासमोर फुसफुस करत उभं राहे अन् डायवर वाकून विचारे, "क्या हुआ मधुकर?" मी म्हनो, "कुछ नहीं, गाय है." असा मानूस मी! गाईसाठी गाडी थांबवली मी. अन् बायकोसाठी... जाऊ द्या. पयले टेपाचं सांगू द्या, नाहीतं तुमी म्हनान, म्हातारा आल्या आल्या रडाले बसला.

तं आमची मंडळी. ख्रिस्ती मंडळी म्हनलं का तुमाले वाटत असंल, मोठं देऊळ, उंच घंटा, रंगीत काचा... कायच्या काचा अन् काय! अकरा घरं आमची, अन् देऊळ म्हनजे एक कवेलूच्या छपराची खोली, पाच बाकं, बाकी सतरंजी. पादरीसाहेब एक, तेही वाटून घेतलेले. सुधाकर पादरीसाहेब राहतात सौंसरले. महिन्यातले दोन रविवार त्याइचे सौंसरचे, एक मोहगावचा, एक आमचा. बाकीच्या रविवारी आमच्याकडे कोन? मी! काऊन का मी मंडळीचा पंच. अन् माहं शिक्षन चौथी. शास्त्र वाचाले उभा राहिलो का एका वचनाले इतका टाइम लागे का केसरबाई मधातच "आमेन" म्हनून टाके. केसरबाई म्हनजे आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी, ऐकू येते कमी, पन आमेन सगळ्याइच्या आधी. म्हने, "बापा, पुढचं मी मेल्यावर देवालेच विचारीन, तू बस खाली."

म्हनून जवा चौऱ्याऐंशीच्या नाताळात मिशनच्या लोकाइनं तिन्ही मंडळ्याइले एक-एक टेपरेकार्डर वाटला, तवा सगळ्यात जास्त कोन नाचला असंल? मीच! पादरीसाहेबानं मले बाजूले घेतलं. साहेबाचं मराठी एकदम पुस्तकातलं. "मधुकरराव, मी उपासना कॅसेटवर भरून पाठवीन. तुम्ही फक्त बटण दाबायचं. मधेमधे मी जागा सोडलेली आहे, तिथे मंडळीनं उत्तर द्यायचं. आणि एक लक्षात ठेवा, उपासना सुरू झाली की मशीनला हात लावायचा नाही." म्हनलं, हौ जी साहेब, बटन दाबनं अन् काटा ओढनं एकच! छाती अशी फुगली माही का सदऱ्याचं वरचं बटन लागेना.

पयला रविवार. टेबलावर विनलेला रुमाल, रुमालावर टेप, टेपाच्या बाजूले झेंडूचे दोन फुलं. सारे उठून उभे! टेपासाठी! केसरबाई जवळ आली, डोकं वाकवलं अन् टेपलेच म्हनते कशी, "सलाम साहेब, बाईसाहेब नाही आल्या का?" आता टेपानं काय सांगावं?

मी बटन दाबलं. साहेबाचा आवाज आला अन् आंगावर काटा उभा राहिला जी, खोटं नाही सांगत. साहेब सौंसरले अन् आवाज रामाकोन्याले! पन घोटाळा काय झाला, सांगतो. साहेबानं उत्तरासाठी ज्या जागा सोडल्या, थ्या सोडल्या आपल्या घरच्या अंदाजानं. साहेबाच्या घरी उत्तर देनारी कोन? विजयमालाबाई, साहेबाची घरवाली. तिचं बोलनं म्हनजे कढईतल्या लाह्या! साहेबाचं वाक्य संपाच्या आधी तिचं उत्तर तयार. अन् आमचे लोकं? आमचे लोकं पयले श्वास घेतात. मंग खाकरतात. मंग एकमेकाइकडे पाहतात, का बाप्पा पयले कोन सुरू करते. तोपर्यंत जागा संपली, साहेब पुढच्या ठेसनाले निघून गेले! म्हनजे कसं व्हये, का आमी इकडे पापाची कबुली देऊन राहिलो अन् तिकडे साहेबानं क्षमा करून बी टाकली! आमी "क्षमा कर" म्हनतो, तोपर्यंत साहेब सूचना देऊन राहिले का पुढच्या रविवारी बायकांची सभा आहे. शेवटी साहेब म्हनत, "शांतीनं जा," अन् आमी मांगून तीन उत्तरं बाकी ठेवून शांतीनं जात होतो. काय करता? टेप काही थांबत नाही!

पयले चार रविवार साहेबानं दर वेळी नवी कॅसेट भरली. मंग कोनाचं लगन, कोनाचा बाप्तिस्मा, साहेबाले फुरसत कुठं? त्याच चार कॅसेटा आलटून-पालटून. त्यातली तिसरी तं आमच्या अशी तोंडपाठ झाली! तिच्यात काय आहे, का प्रभूची प्रार्थना संपते न संपते तोच मांगं साहेबाच्या घरच्या कुकराची शिट्टी वाजते. अन् मंग साहेब हळूच म्हनतात, "विजयमाला, दार लाव, कुत्रं आत येतंय." आता हे उपासनेत होतं का? नव्हतं. पन कॅसेटात होतं ना! थे आलं का केसरबाई उठे, अन् देवळाचं दार लावून येई. दर वेळी. कुत्रं असो का नसो. मी एकदा म्हनलं, "केसरबाई, थे आपल्याले नाही म्हनलं," तं मलेच म्हनते, "मंग कोनाले म्हनलं? पादरीसाहेब काय फालतू बोलतात का?"

अन् एक रविवार साहेब खुद्द आले. प्रार्थना झाली, साहेब थांबले, पन कोनी मान वर करंना! सारे डोये मिटून तसेच. साहेब घाबरले. "मधुकरराव, काय झालं?" आता सांगू तं पंचाईत, नाही सांगू तं पंचाईत. म्हनलं, "काही नाही साहेब... शिट्टी राह्यली."

हसा, हसा. तवा मी बी हसलो होतो.

एकदाच, फक्त एकदाच मी उपासनेच्या मधात टेप बंद केला. खिडकीबाहेरून मालगाडी जाऊन राहिली होती, काही ऐकू येईना, म्हनून खटाक करून दाबलं. साहेबाले कोनीतरी सांगतलं. साहेब रागावले नाही, रागावले असते तं परवडलं असतं. नुसते म्हनले, "मधुकरराव, मी स्वतः उभा असतो, तर माझ्या तोंडावर हात ठेवला असता का?" बस. त्या दिवसापासून मी हात मांडीखाली दाबून बसत होतो. वरून कवेलू पडो का खालून साप निघो, टेप काही थांबत नाही!

आमच्या घरचीचं मात्र टेपाशी कधी जमलं नाही.

घरची म्हनजे जयश्रीची माय. जयश्री माही पोरगी, पांढुर्ण्याले देली आहे. मी तिच्या मायले जयश्रीची माय म्हनो. जयश्री व्हायच्या आधी "अवं" म्हनो. अन् लई तातडी असली का नुसता खाकरो, तिले बराबर समजे का हे आपल्यालेच आहे. नाव? नाव कोन घेते जी बायकोचं! माह्या बापानं माह्या मायचं घेतलं नाही, आज्यानं आजीचं घेतलं नाही. तिनं माहं घेतलं नाही, मी तिचं घेतलं नाही, बराबरीचा मामला. मंडळीत तिले सारे पाइंटमनीनबाई म्हनत, जावई मामी म्हने. तिचं नाव एक रेशनच्या कारडावर अन् एक बाप्तिस्म्याच्या वहीत. जवा पाहा तवा दोन्ही पेटीत.

तं ही बाई टेपासमोर बसे पयल्या रांगेत, पन तोंड उघडंना. साहेबाच्या उपासनेत असं आहे, का साहेब म्हनतात, "प्रभू तुम्हांबरोबर असो," अन् आपन म्हनायचं, "आणि तुझ्या आत्म्याबरोबर असो." ही ओठ दाबून गप्प! घरी आल्यावर मी रागावलो. म्हनलं, "अवं, पंचाची बायको तू, उत्तर काऊन नाही देत?" तं कमरेवर हात ठेवून म्हनते, "डब्याले आत्मा आहे का? तुमी पंच आहा ना, सांगा. कोनाच्या आत्म्याले म्हनू मी?"

म्हनलं, "आत्मा नाही वं, चार सेल आहेत."

"मंग सेलाइबरोबर असो म्हना!" अन् गेली चुलीकडे. खरं सांगू का, मले तिचं पटलं होतं. पन पंच मी, मशीन माही, मी कसा कबूल करू? मी आपलं दुसऱ्या रविवारी टेप अजून दोन बोटं मोठ्यानं लावला.

अन् मंग माह्याच डोक्यात थो किडा शिरला. कोनाच्या नाही, माह्याच! मले वाटलं, पावसाळ्यात कान्हान नदी चढते, रस्ता बंद होते, गाडी बंद होते. साहेब पल्याड असले अन् इकडे कोनी मेलं तं? मी सोता सौंसरले गेलो. म्हनलं, "साहेब, एक मातीची कॅसेट बी भरून ठेवा ना." साहेब म्हनले, "कल्पना वाईट नाही, मधुकरराव." अन् भरून देली! ए साइडले बाप्या, बी साइडले बाई. साहेबानं समजावून सांगतलं. "इथे मी म्हणेन, 'आपला प्रिय बंधू', किंवा 'आपली प्रिय बहीण', आणि थोडी जागा सोडेन. त्या जागेत पंचानं मृताचं नाव मोठ्यानं घ्यायचं." मी म्हनलं, साहेब, फस्टक्लास! डब्यावर त्याइनं सोताच्या हातानं लिहून बी देलं, 'नाव पंचानं म्हणावं'. मी थे कॅसेट अशी छातीशी धरून आनली जसं मेडल भेटलं.

घरी दाखवली. तिनं हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाह्यली, अन् म्हनते, "कॅसेट तं झाली. आता मरनारा पाहा कोनी." मी हसलो. ती नाही हसली. अंगनात तांदूळ निवडत बसली, अन् खाली मान घालूनच बोलली, "एक सांगून ठेवतो तुमाले. माह्या मातीले हा डबा आनायचा नाही. पादरीसाहेबानं सोता उभं राहून, सोताच्या तोंडानं माहं नाव घ्यावं. जलमभर मले कोनी नावानं हाक नाही मारली. मातीत टाकतानी तरी एकदा कोनी माहं नाव घ्यावं, तेवढंच." मी म्हनलं, "कायले असं अभद्र बोलतं? आधी मीच जाईन." तं म्हनते, "तुमी कायचे जाता! तुमाले बटन सोडवंल का?"

याच श्रावनात ताप आला तिले. साधा ताप. पयल्या दिवशी भाकरी बी थापल्या तिनं. दुसऱ्या दिवशी उठली नाही. डाक्टर आला, सुई देली, गोळ्या देल्या, त्याचा काही दोष नाही. चवथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो अन् खाकरलो. तिनं इकडे पाह्यलं नाही. अजून एकदा खाकरलो. तेहतीस वर्षांत पयल्यांदा असं झालं का मी खाकरलो अन् ती वळली नाही.

अन् साहेब कुठं? छिंदवाड्याले मीटिंगले! मधात कान्हान. अन् कान्हान कशी? चार दिवसांच्या पान्यानं मातलेली, पुलाजवळची गिट्टी वाहून गेलेली, गाडी बंद, मोटर बंद. मी ठेसनावर पळत गेलो. मास्तर आपला जुना, त्यानं पल्याडच्या ठेसनाले फोन जोडला. साहेबाले निरोप पोचला, साहेब निघाले बी, अन् पल्याडच्या काठावर येऊन अडकले. मानूस दिसते पन येता येत नाही, असं पानी! मी काठावर उभा राहिलो. हातात लाल झेंडी असती तं नदीले दाखवली असती. एकोनतीस वर्षाची सवय आहे ना जी, काहीही येताना दिसलं का थांबवावंसं वाटते.

जयश्री अन् जावई पांढुर्ण्याहून आले. पोरगी आल्या आल्या विचारते, "बाबा, पादरीसाहेब?" म्हनलं, येऊन राहिले. संध्याकाळी विचारते, "बाबा, साहेब?" म्हनलं, पानी उतरून राहिलं. कायचं उतरते! दुसऱ्या दिवशी दुपारी देवीदासनं, तो बी आमच्या मंडळीचा पंच, माहा हात धरून मले बाहेर नेलं. म्हनला, "मधुकर, आता ठेवता नाही येत. मी म्हनतो प्रार्थना. मले येते तशी."

तुमाले सांगतो, त्या टायमाले मी "हौ" म्हनलं असतं ना, सगळं निभावलं असतं. देवीदास तिले वळखत होता, साधं-सुधं दोन शब्द बोलला असता. पन माह्या डोक्यात काय, का तिले साहेब पाहिजे होते. साहेब नाही तं नाही, साहेबाचा आवाज तं आहे! तोंड नाही तं आवाज, अर्धी इच्छा तरी पूरी होईल! "डबा आनायचा नाही," हे तिचं बोलनं मले आठवत नव्हतं का? आठवत होतं. तरी मी आत गेलो, अन् मेनकापडात गुंडाळून टेप आनला. पंच ना मी! मशीन माही!

आमची मातीची जागा संत्र्याच्या बगीच्याच्या पल्याड. चिखल हा इतका, गुडघ्याएवढा. पानी वरून सारखं. तिची पेटी खाली ठेवली. मी एका दगडावर बसलो, मांडीवर टेप, अनिल, माहा जावई, छत्री धरून उभा होता, मी म्हनलं दे इकडे, मीच धरतो. एका हातानं छत्री, एका हातानं बटन. दाबलं.

"प्रियजनहो, आज आपण आपला प्रिय बंधू..."

बंधू! ए साइड! बाप्याची! अरे देवा... माह्या कानाच्या पाळ्या तापल्या. केसरबाईनं "आमेन" म्हनून टाकलं. जयश्रीनं मान वर करून माह्याकडे असं पाह्यलं, असं का मले वाटलं आपनच त्या खड्ड्यात उतरावं. खटाक! उलटी केली. कॅसेट बसंना. बसली. पयले पार मांगं फिरवली, मंग बी साइड.

"प्रियजनहो, आज आपण आपली प्रिय बहीण..."

अन् जागा आली.

टेपातून नुसतं स्स्स्स... वरून पानी. सारे माह्याकडे पाहून राहिले. डब्यावर लिहिलं आहे ना, नाव पंचानं म्हणावं! मी तोंड उघडलं. नाव माहीत होतं जी! असं नका समजू का माहीत नव्हतं. इथं होतं, घशात, इथं. पन तेहतीस वर्षं ज्या काट्याले कोनी हात नाही लावला, तेल नाही घातलं, तो एकदम ओढला तं हालते का? जोर लावला मी. हालला नाही.

"...हिला परमेश्वरानं आपल्याजवळ बोलावून घेतलं आहे," साहेब निघाले पुढे. टेप काही थांबत नाही!

मंग मी केलं थे, जे करायचं नव्हतं. साहेबाच्या तोंडावर हात ठेवला. खटाक! मांगं फिरवली कॅसेट. उलशीक फिरवाची होती, जास्त फिरली, पुन्हा "प्रियजनहो". केसरबाई पुन्हा "आमेन". लोकाइचे पाय चिखलात फसून राहिलेले, कोनी शिंकते, कोनी कुजबुजते, "काय करून राहिले मधुकरराव?" पुन्हा "आपली प्रिय बहीण". पुन्हा जागा. जयश्री रडता रडता म्हनते, "बाबा, म्हना ना वो..." मी म्हनलं, "ज्... व्..." अन् जागा गेली. पोरगी म्हनू शकत होती का? मंग विचारलं मी तिले. म्हनते, "बाबा, मायचं नाव मी कधी घेतलं होतं?" बाकी कोनाले नावच माहीत नव्हतं. पाइंटमनीनबाई असं तं नाही म्हनता येत ना देवासमोर.

खटाक! पुन्हा मांगं. तिसऱ्यांदा. आता सेल उतरले. ओलीचे दिवस, वरून हे मांगंपुढं, सेल काय करतीन? साहेबाचा आवाज जाड झाला, म्हशीनं हंबरावं तसा. "प्रिइइयजनहोओओ..." मांगं कोनीतरी फसकन हसलं. कोनाच्या मातीत कोनी हसू नये, पन त्याचा दोष नाही, मी असतो तं मी बी हसलो असतो. "आआपलीई प्रिइय बहीईईण..."

अन् जागा आली. अन् थे जागा काय लांबली जी! सेल उतरलेले, टेप रांगून राहिला, जागा संपंचना! त्या जागेत एक नाव काय, माह्या सात पिढ्या मोजून झाल्या असत्या. पान्याचा आवाज. स्स्स्स. तिची पेटी. आता म्हन, मधुकर, आता म्हन, याच्यापेक्षा जास्त जागा तुले कोन देईल? मी डोये मिटले, सारा जोर लावला, अन् माह्या तोंडातून निघालं...

"जयश्रीची माय."

"हिइइला..." साहेबाचा आवाज आला, अन् गुरगुरला, अन् बंद पडला. बस. चाकं फिरायची थांबली. दोन वर्षं कोनासाठी थांबला नाही थो टेप, तवा थांबला! मी बटन दाबून पाह्यलं, थापटून पाह्यलं, काही नाही. मंग देवीदासनं वाकून चिखल उचलला अन् टाकला, त्याच्या मांगं सारे टाकत गेले. केसरबाईनं बी आमेन म्हनलं नाही.

आता तुमीच सांगा, वर तिचं नाव कसं पोचलं असंल? दारावर उभी असंल ती, अन् थो वहीवाला विचारत असंल, बाई, कोन तुमी? खालून तं निरोप आला का जयश्रीची माय आली. जयश्रीच्या माया किती असतीन जी दुनियेत! उभं ठेवलं असंल तिले ताटकळत. अन् ती, कमरेवर हात ठेवून, माह्यावर चिडून...

आठव्या दिवशी पानी उतरलं, साहेब आले. सरळ मातीच्या जागेवर घेऊन गेलो. पायातले जोडे काढून उभे राहिले, चिखलात. पुस्तक उघडलं नाही, सोताच्या तोंडानं म्हनाले लागले. "हे प्रभू, आमची ही प्रिय बहीण..." अन् थांबले. माह्याकडे वळले. हळूच विचारते झाले, "मधुकरराव, बाईंचं नाव काय हो?"

"वत्सला," मी म्हनलं.

निघालं! रेशनच्या दुकानात सांगतो तसं निघालं, काहीच जोर लागला नाही. सरकारी कामासारखं, नाव वत्सला, मुक्काम रामाकोना. सात दिवसांपासून मी जे ओढून राहिलो होतो, थे असं सुटलं. साहेबानं थे नाव घेतलं, तीन वेळा घेतलं, चांगली प्रार्थना केली. तिले पाहिजे होती तशीच. फक्त ती वर नव्हती, मातीखाली होती.

परततानी ठेसनाजवळ आल्यावर साहेबानं माह्या खांद्यावर हात ठेवला. डोये ओले होते त्याइचे. म्हनले, "मधुकरराव, चूक माझी आहे. त्या कॅसेटमध्ये नावासाठी जागा मी फारच थोडी सोडली. मी नवी भरतो. पंधरा सेकंद सोडू? वीस सोडू?"

म्हनलं, "कितीही सोडा साहेब. मले तं तेहतीस वर्षं होते."